चाळीस मिनिटांची फेरी

१

फिदेन्सियो कावीच हा मार्गदर्शक आम्हाला सापडला तो देवळाच्या दक्षिण अंगाला, ढासळलेल्या दगडांच्या ढिगावर. सकाळचे पावणेदहा झाले होते. त्याची टोपी वरच राहिली होती. अंगातला पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा होता, रोजच्यासारखा.

मी चुनकाबच्या अवशेषांचा पहारेकरी, आन्सेल्मो उइकाब. फाटकाशी बसतो, तिकिटं फाडतो, गवत काढून घेतो. फिदेन्सियो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मी नोकरीला लागलो तेव्हा तो आधीच लोकांना देऊळ दाखवत होता. आमच्या पूर्वजांनी बांधलेलं ते देऊळ मला दगडादगडाने त्यानेच ओळखीचं करून दिलं. मी त्याला दादा म्हणायचो.

त्या दिवशी त्याच्याबरोबर एकच पाहुणा होता. दूरच्या पुएब्ला शहराहून आलेले बारागान नावाचे साठीचे गृहस्थ. एकटे, अबोल, खांद्याला कातडी पिशवी. सव्वानऊला दोघं आत गेले. अर्ध्या तासाने बारागान एकटेच फाटकाशी आले आणि त्यांनी मला विचारलं, "तुमचे मार्गदर्शक इकडे आले का?"

मला हसू आलं. म्हटलं, साहेब, तो माणूस आपल्या घरात एक वेळ चुकेल, इथे चुकायचा नाही. मग मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. त्यांवर राखाडी भुकटी पसरली होती आणि ते पुन्हा पुन्हा देवळाकडे वळून बघत होते. माझं हसू तिथेच थांबलं. आम्ही धावत देवळाला वळसा घातला.

पायऱ्या पूर्वेला आहेत. मधला भाग डागडुजी केलेला आणि तिथे वर-खाली जायला जाड दोर बांधलेला असायचा. उतरताना उजव्या हाताला, दक्षिणेकडे, पायऱ्या उरलेल्याच नाहीत. सरळ कडा आहे, पाच पुरुष खोल. दादा तिथून खाली आला होता.

तीस वर्षं जो माणूस त्या पायऱ्या चढला-उतरला, तो तिकडे गेलाच कसा?

२

जवळच्या वायादोलिद शहरातून पोलीस आले आणि मृतदेह घेऊन गेले. त्यांच्या अधिकाऱ्याने वर जाऊन सगळं पाहिलं. मधल्या पायरीखाली गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. म्हणून मी त्याच सकाळी, साडेआठला, दोर मधून सोडवून डावीकडे, उत्तरेला, सात हातांवर दुसऱ्या कडीला बांधला होता. जुन्या लोखंडी कडीला मी लाल फडकं बांधलं होतं, इकडून जाऊ नका म्हणून. हे मी अधिकाऱ्याला आपणहून सांगितलं. तो म्हणाला, चांगलं केलंत. त्याच्या हिशेबाने यातून एकच गोष्ट निघत होती. एवढं लालभडक फडकं, शेजारी नवा दोर, लख्ख उजेड. पाय घसरायला तिथे वावच नव्हता. एक तर त्याने स्वतः उडी मारली किंवा त्याला कुणी ढकललं.

गावाने दोन्ही उचललं. उडीची गोष्ट दादाच्या मुलीच्या, नेल्वाच्या, कानावर दुसऱ्याच दिवशी गेली. ती नऊ वर्षं फाटकाबाहेर भरतकामाचे झगे विकायची. बापलेक रोज एकत्र यायचे, एकत्र घरी जायचे. घरी तिसरं कुणी नव्हतं. त्या दिवसापासून तिने चुलीवर तवा ठेवला नाही. शेजारणी पोळ्या आणून द्यायच्या, त्या तशाच वाळून जायच्या.

ढकलल्याची गोष्ट रोमाल्दो पोतच्या दाराशी गेली. रोमाल्दो हा दुसरा मार्गदर्शक. आठ दिवसांपूर्वी फाटकाशी त्याचं आणि दादाचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "तुला पुन्हा वर जाऊ देणार नाही," रोमाल्दो ओरडला होता. "पाय मोडून ठेवीन, पण जाऊ देणार नाही." हे मी ऐकलं होतं आणि पोलिसांनी विचारल्यावर सांगितलंही होतं. त्या सकाळी रोमाल्दो दोन पाहुण्यांना घेऊन अवशेषांतल्या जुन्या, पूर्वजांच्या चेंडूच्या मैदानात होता, देवळापासून हाकेच्या अंतरावर. मधेच तो पाच मिनिटं कुठेतरी गेला होता, असं त्या पाहुण्यांनी सांगितलं.

पोलिसांनी त्याला आणि बारागानना गाव सोडायला मनाई केली. सोमवारी येऊन एकाला घेऊन जाऊ, असं जाताना म्हणाले.

पोलीस गेले त्या संध्याकाळी तोमासाबाईने मला बोलावणं धाडलं.

३

तोमासाबाई त्सूक आमच्या गावची न्यायाधीश. हद्दीची भांडणं, डुकरांनी खाल्लेला मका, नवराबायकोचे तंटे तिच्यापुढे येतात. वय सत्तरीचं. निजायच्या झोळ्या विणते आणि विणता विणताच माणसांशी बोलते. समोरच्याला वाटतं, म्हातारीचं लक्ष धाग्यात आहे.

खून तिच्या अखत्यारीत येत नाही. मी ते म्हटल्यावर ती म्हणाली, "खून असेल तर नाहीच येत. आधी आहे का ते बघू. तू जागा ओळखतोस, तू बरोबर चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझा हात धरून देवळावर चढली. वरच्या खोलीत गेली, बाहेर आली, जुन्या कडीशी बसली. लाल फडकं तिथेच होतं. तिने ते उलटसुलट करून बराच वेळ पाहिलं. फडक्यावर पांढरे ठसे होते, बोटांचे. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा चाचपल्यासारखे. वरच्या खोलीच्या भिंतींना हात लावला की चुना बोटांना लागतो. तिने माझी बोटं ठशांशी धरून पाहिली. माझी जाड होती, ठसे बारीक होते.

मग ती दक्षिणेकडच्या काठाने वाकून पाहत गेली. धुळीत दोन तळहात उठले होते. एक पुढे, एक मागे. त्यांच्यामागे घासत गेल्याच्या दोन खुणा.

"फिदेन्सियोची पँट कुणी पाहिली?" तिने विचारलं.

मी पाहिली होती. दोन्ही गुडघे पांढरे होते. मला वाटलं होतं, पडताना झाले असतील.

"पडताना पुढचं सगळं अंग माखतं, आन्सेल्मो. फक्त गुडघे नाही माखत."

एवढंच बोलून ती खाली उतरली. फडकं तिने सोडून ओढणीच्या टोकात बांधून घेतलं होतं.

४

बारागान शाळेच्या रिकाम्या खोलीत उतरले होते. तोमासाबाईने त्यांना आपल्या अंगणात बोलावलं, ओव्यासारख्या वासाच्या पानांचा काढा दिला आणि विणायला बसली. फिदेन्सियोने काय काय दाखवलं, ते तिने विचारलं.

त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. चाळीस मिनिटांची ठरलेली फेरी होती. हा माणूस हल्ली एका वेळी एकाच कुटुंबाला नेतो, असं त्यांना पुएब्लातच कळलं होतं, आणि त्यांना गर्दी नकोच होती. तो सगळीकडे त्यांना पुढे चालायला सांगायचा, स्वतः मागून यायचा. जागोजागी थांबून टाळी वाजवायचा आणि दगडांतून येणारा पडसाद ऐकवायचा. वरच्या खोलीत त्याने भिंतीवरचा तांबडा हात दाखवला. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी रंगात बुडवून उमटवलेला हात. "फार सुंदर सांगितलं त्यांनी," बारागान म्हणाले. "मला मात्र तो नीट दिसला नाही. माझीच नजर कमी झाली असेल म्हटलं, आणि हो हो म्हणालो."

माझ्या हातातली वाटी कलंडली. तो हात गेल्या महिन्यात दुरुस्तीवाल्यांनी कागद आणि गिलावा लावून झाकून टाकला होता. तिथे फक्त पांढरी भिंत होती. दादाला हे मी सांगितलं नव्हतं. रोज वर जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

तोमासाबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि धागा ओढला. मग तिने बारागानना विचारलं, तुमची बायको कधी गेली?

ते दचकले. तिने त्यांच्या बुटांकडे बोट केलं. "देवळावर चुना आहे, पांढरा. ही राखाडी आहे. आणि तुमची पिशवी येताना भरलेली होती, जाताना चपटी होती, असं हा सांगतो."

बारागाननी पाय मागे ओढून घेतले. मग बोलले ते हळू आवाजात. लग्नानंतर पहिल्यांदा ते दोघं चुनकाबला आले होते. तिची इच्छा होती, राख इथे टाकावी. परवानगी मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून वर गेल्यावर त्यांनी फिदेन्सियोला सांगितलं, मला पाच मिनिटं एकट्याला राहू द्या, तुम्ही उतरा, मी येतो. तो जरा घुटमळला. मग बरं म्हणाला.

"आणि मग तुम्ही काय ऐकलंत?"

"टाळी," बारागान म्हणाले. "दोनदा. मला वाटलं, मला बोलावताहेत. माझी पिशवी अर्धीच रिकामी झाली होती. मी गेलो नाही."

५

रोमाल्दो आधी तोंड उघडेना. भिंतीला टेकून उभा राहिला आणि बाई, तुम्ही विणा, मी जातो, असं म्हणाला. तोमासाबाई त्याला म्हणाली, "तू भांडलास त्यात चूक नव्हती. पण तू कशासाठी भांडलास ते सांगितलं नाहीस, तर सोमवारी तुला नेतील. आणि त्याच्या पोरीला जन्मभर लोक सांगतील, तुझ्या बापाने जीव दिला."

तो खाली बसला. पाच मिनिटं कुठे गेला होता, हे आधी सांगितलं. देवळाच्या पायथ्याशी जाऊन वर पाहून आला होता. फिदेन्सियो पाहुण्यामागून नीट चढतो आहे, दोर धरला आहे, एवढं बघून परत फिरला. रोज बघायचा.

"रोज कशाला?" मी विचारलं.

"कारण त्याला दिसत नव्हतं, आन्सेल्मो. तुला कसं कळलं नाही?"

गेल्या पावसाळ्यात रोमाल्दोच्या लक्षात आलं होतं. सरळ समोरून येऊनही फिदेन्सियोने त्याला ओळखलं नाही, आवाज ऐकल्यावर ओळखलं. काचबिंदू. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. रोमाल्दोने शपथ घेतली होती, कुणाला सांगणार नाही. पण पायऱ्यांचं त्याला सहन होईना. फिरवायचं तर खाली फिरव, वर जाऊ नकोस, असं तो विनवत राहिला. आणि शेवटी त्या दिवशी ओरडला.

नेल्वाला तोमासाबाईने बोलावलं नाही, स्वतः तिच्या घरी गेली. मी दारातच थांबलो. त्या सकाळी आपण फाटकावर होतो, असं नेल्वाने पोलिसांना सांगितलं होतं. पण नऊनंतर तिचे झगे नुसतेच दोरीवर लटकत होते, ते मी पाहिलं होतं. विचारल्यावर तिने कापडी पडद्यामागून छोटी बाटली आणून दाखवली. डोळ्यांत घालायचं औषध. आरोग्य केंद्रातून आणायला ती तीनचाकीने गेली होती. बाटली अजून उघडलेली नव्हती.

"दोर हाताला लागला की मला सगळं दिसतं, असं म्हणायचे," नेल्वा म्हणाली. "मला वाटायचं, दोर आहे ना."

मी दारातून बाहेर पडलो आणि कुंपणाला धरून उभा राहिलो.

६

तोमासाबाई माझ्यामागे आली. तिला मला काही सांगायची गरज नव्हती. तरी तिने सांगितलं, आणि हळू, एकेक करून सांगितलं. न सांगता सोडणं तिला बरोबर वाटलं नसावं.

दिसणारा माणूस फडकं बघतो आणि वळतो. ते चाचपून बघायचं त्याला कारण नाही. फिदेन्सियोने ते पुन्हा पुन्हा चाचपलं. ढकललेला माणूस गुडघे टेकत नाही. जीव द्यायला निघालेला माणूस काठाकाठाने हाताने वाट शोधत जात नाही. त्या सकाळी तो चढला तेव्हा पुढे बारागानच्या बुटांचा आवाज होता, तो त्यामागे गेला आणि नवा दोर आपोआप हाती आला, पण जुन्या जागेपासून तो कुठल्या अंगाला सरकला ते त्याला कळलं नाही. उतरताना पुढे कुणी नव्हतं. तो खोलीतून नेहमीची पावलं मोजून नेहमीच्या जागी आला, वाकला, आणि दोराऐवजी त्याच्या हाताला कापड लागलं.

त्याने टाळी वाजवली. पायऱ्या कुठे आहेत ते पडसादावरून कळेल म्हणून, किंवा वरचा माणूस येईल म्हणून. कुणी आलं नाही. मग तो गुडघ्यांवर बसला आणि दोर शोधू लागला. डावीकडे सात हातांवर होता. तो उजवीकडे गेला.

"त्या सकाळी तू त्याला काही बोलला होतास का?" तोमासाबाईने विचारलं.

बोललो होतो. तो पाहुण्याला घेऊन निघाला तेव्हा मी फाटकावरूनच हाक मारून सांगितलं होतं. "दादा, मधे माश्या आहेत, दोर हलवलाय. लाल फडकं बांधलंय, दिसेलच तुला." त्याने हात वर केला होता.

कुठे हलवलाय, एवढं त्याने विचारलं असतं तर. पण पाहुण्यासमोर, माझ्यासमोर, विचारणार कसा? दिसेलच तुला, असं मी म्हटलं होतं.

आता एकेक आठवायला लागलं. दोन तासांची फेरी त्याने चाळीस मिनिटांवर आणली, तेव्हा मी म्हटलं होतं, म्हातारा आळशी झाला. गटाऐवजी एकच कुटुंब नेऊ लागला, तेव्हा चिडवलं होतं, दादाला आता साहेबी चढली. वहीत पाहुण्यांची नावं लिहायची तर वही त्यांच्याच पुढे सरकवायचा. टाळ्यांचं मला कौतुक वाटायचं, नवीन करामत काढली म्हणून. वर्षभर तो माझ्या डोळ्यांदेखत चाचपडत होता आणि मी रोज त्याला बघत होतो.

"कागदावर काय लिहायचं ते मी ठरवेन," तोमासाबाई म्हणाली. "पण उद्या पंचायतीत माझ्या तोंडून ते यावं की तुझ्या, हे तू ठरव."

७

रविवारी प्रार्थनेनंतर गाव पंचायतीच्या आवारात जमलं. रोमाल्दो एका कोपऱ्यात उभा होता, त्याच्या आजूबाजूला जागा रिकामी होती. बारागान मान खाली घालून बाकावर बसले होते. मी उभा राहिलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. दोर मी हलवला, एवढं पहिल्यांदा सांगितलं. मग दादाचे डोळे गेले होते ते सांगितलं, आणि हे सांगताना नेल्वाकडे पाहणं मला जमलं नाही, कारण तिने आणि तिच्या बापाने वर्षभर जपलेली गोष्ट मी सगळ्यांपुढे ठेवत होतो. रोमाल्दोने काय केलं आणि का केलं, तेही सांगितलं. एका बाईने मागून विचारलं, म्हणजे आंधळा माणूस लोकांना कड्यावर नेत होता का?

मग बारागान उठले. "मला हाक ऐकू आली होती," ते म्हणाले. "मी गेलो नाही." आणि बसले.

सोमवारी पोलीस आले ते कागद घेऊन गेले. अपघात, असं लिहिलं गेलं. बारागान दुपारच्या गाडीने निघाले. जाण्याआधी ते नेल्वाच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते. तिने त्यांना आत बोलावून पाणी दिलं, असं शेजारणी सांगतात. रोमाल्दोच्या बायकोने त्या दिवशी मला वाटेत पाहून तोंड फिरवलं. पोलिसांना भांडण सांगणारा मीच होतो.

मी राजीनामा लिहिला. तोमासाबाईने तो वाचलाही नाही. म्हणाली, तू गेलास तर तिथे नवा माणूस येईल, त्याला फिदेन्सियो ठाऊक नसेल. मी राहिलो. मधली पायरी फोडून पोळं काढलं, दोर जुन्या जागी बांधला.

८

नोव्हेंबर लागला. मृतांना जेवायला बोलवायचे दिवस आले. घरोघरी खड्डे खणले, केळीच्या पानांत गुंडाळलेल्या, मक्याच्या पिठाच्या मोठ्या तामाल्या निखाऱ्यांवर पुरल्या, सगळ्या गावावर तो वास पसरला. नेल्वाने तीन आठवड्यांनी पहिल्यांदा चूल पेटवली. बापाच्या नावाने ताट मांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकाशी आली. झगे आणले नव्हते. मी उभा राहिलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वर जायचंय. मी कधी गेले नाही."

नऊ वर्षं ती फाटकाबाहेर बसली होती. आत जायला तिला कुणी अडवलं नव्हतं. पण झगे सोडून जाणार कधी, आणि बाप तर घरीच येतो, देवळाला जाऊन बघायचं काय, असं होत राहिलं.

मी तिला नेलं. चेंडूच्या मैदानापाशी मी सांगायला तोंड उघडलं तर तीच बोलू लागली. शब्द दादाचे होते, थांबण्याच्या जागासुद्धा. डोळे गेल्यावर तो घरी रोज रात्री जेवताना सगळी फेरी म्हणून बघायचा आणि चुकलं की ती सांगायची. तिला सगळं पाठ होतं. फक्त कुठला शब्द कुठल्या दगडाचा, ते माहीत नव्हतं. ती म्हणायची आणि मी बोट दाखवायचो. हा का तो? हा. कासव म्हणतात ते हे? हेच. ती जवळ जाऊन बघायची, हात लावायची, मग पुढचं म्हणायची. एका ठिकाणी दादा ज्याला लहान दगड म्हणायचा तो तिच्या उंचीचा निघाला. तिथे ती जराशी हसली.

पायऱ्या चढताना तिने दोर धरला. वरच्या खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर तिने तांबड्या हाताचं सगळं सांगितलं, शेवटपर्यंत. मी दारात उभा राहून ऐकलं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, कुठून? मी दाखवलं. ती काठापासून दूर उभी राहिली आणि पाहत राहिली. खाली झाडांतून गावातला धूर वर येत होता.

"तुम्ही त्यांना दादा म्हणायचा," ती म्हणाली. "घरी तुमचं नाव निघायचं. आन्सेल्मोला सांगून टाका, असं मी कितीदा म्हटलं. तो माझी काळजी करत बसेल म्हणायचे."

मी वाकून दोराची गाठ ओढून पाहिली. मग आम्ही उतरलो. तिने मला माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, आजवर म्हणालेली नाही. मीही विचारलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. पांढऱ्या इस्त्रीच्या झग्यात. मागे वायादोलिदचं एक कुटुंब होतं, आईबाप आणि एक आजी. ती मला म्हणाली, "चार तिकिटं. माझंही फाडा." मी फाडलं. मग मी बाकावरून उठून तिच्या जवळ गेलो आणि ओरडून नव्हे, समोर उभं राहून, एकेक करून सांगितलं. आज दोर मधेच आहे. खालून तिसरी पायरी डुगडुगते. वर खोलीत ओल आहे.

ती ऐकून घेत होती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं.